स्पाल्टेड लाकडाचं पेन: ढलपी, खड्डे आणि ढगाळ पॉलिश. तपासायला कुठून लागायचं?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर, आंब्याचा, चिंचेचा किंवा सावरीचा स्पाल्टेड (बुरशीने काळ्या रेघांची नक्षी उठवलेला) तुकडा पेनासाठी चढवला की खालीलपैकी एखादी तरी तक्रार येतेच. आधी आपली कुठली ते ओळखा.

१. भोक पाडताना बिट काळ्या रेघेशी भरकटतं, नाहीतर पलीकडून बाहेर पडताना टोकाचा टवकाच घेऊन निघतं.

२. तुकडा गोल होत आला की ढलपी उडते, आणि तीही नेमकी बुशच्या, म्हणजे टोकाशी बसवलेल्या, पेनाचं शेवटचं माप दाखवणाऱ्या धातूच्या कडीच्या शेजारी.

३. पॉलिश पेपर मारून झाल्यावर बोट फिरवलं की काळ्या रेघा उंच लागतात आणि मधला फिका भाग खोल.

४. फिका भाग पांढुरका राहण्याऐवजी मळकट राखाडी होतो.

५. सीए ग्लूचे (फेविक्विकसारख्या झटपट धरणाऱ्या ग्लूचे) थर चढवत गेलं तरी मध्येच एखादा चट्टा कोरडाच राहतो, किंवा आत पांढरे बुडबुडे अडकतात.

६. पेन झकास होतं, कुणाच्या तरी खिशात जातं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याला उभी चीर पडते किंवा लाकडाच्या भोकात चिकटवलेली पितळी नळी आतून सुटते.

दुसरी तक्रार आली की लोक नवी पटाशी मागवतात. पाचवी आली की ग्लूची कंपनी बदलतात. माझ्यासमोर येणाऱ्या बिघडलेल्या तुकड्यांमध्ये दोष सहसा दोन्हीकडे नसतो. लाकूड लेथवर चढलं तेव्हाच ते चढण्याच्या लायकीचं नव्हतं, एवढंच. म्हणून खालचा क्रम लाकडापासून सुरू होतो. पहिली तपासणी फुकट आहे, दुसरीला छोटा वजनकाटा लागतो. या दोन टाळून पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट तपासणीच्याही आधी: मास्क. स्पाल्टेड लाकडाच्या भुशात बुरशीचे कण असतात. एन-९५ मास्क तुकडा कापतानाच चढवा, पॉलिश पेपरची वाट पाहू नका. रुमाल बांधून भागत नाही.

असं होतं तरी का

जमिनीवर पडून राहिलेल्या ओंडक्यात एकाच वेळी वेगवेगळ्या बुरशा शिरतात. दोघी समोरासमोर आल्या की आपापली हद्द राखायला मेलॅनिनची काळी भिंत उभारतात. आपण ज्या रेघांवर भाळतो त्या या भिंती. झायलेरिया जातीच्या बुरशा अशा रेघांसाठी प्रसिद्ध आहेत. ट्रॅमेटिस व्हर्सिकलरसारख्या बुरशा पांढरी कूज करतात, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन खातात आणि मागे फिकं, भुसभुशीत लाकूड ठेवतात. परिणाम असा की पाच इंचांच्या एकाच तुकड्यात तीन प्रकारचं लाकूड येतं: शाबूत, पोचट आणि त्यांच्यामधली त्यामानाने कडक रेघ. पटाशी, पेपर आणि ग्लू या तिघांनाही तीन वेगळ्या लाकडांशी एकदम झुंजावं लागतं.

आपल्याकडे यासाठी आंबा उत्तम. लाकूड फिकं, पावसाळ्यात उघड्यावर राहिलं की रेघा धरतं. नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर असा तुकडा मागितला की "भाऊ, हे तर जळाऊ हाय, चांगलं सागवान घेऊन जा ना" हे ऐकून घ्यावं लागतं. त्यांच्या जागी तेही बरोबर आहेत. ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीचं काम थांबतं, पण ती मरतेच असं नाही. ओल मिळाली की पुन्हा जागी होते. म्हणून रेघा मनासारख्या आल्या की ओंडका जमिनीवरून उचलायचा, आडव्या पट्ट्या ठेवून सावलीत रचायचा. "अजून थोडा राहू दे, आणखी नक्षी येईल" या लोभात चांगले ओंडके भुसा होऊन जातात.

पहिली तपासणी: नख

तुकड्याच्या चारही बाजूंवर आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याचं नख दाबत जा. नखाची खूण उठत नाही तो भाग शाबूत. खूण उठते पण तंतू तुटत नाहीत तो भाग मऊ, पण पातळ ग्लूने सावरता येणारा. नख आत जातं, भोवती पांढरी भुकटी सुटते आणि चिमटीत कण येतात, तो भाग कुजलेला आहे. हातातल्या साधनांनी तो वाचणार नाही.

टोकांवर जास्त वेळ द्या. बुरशी तंतूंच्या दिशेने झपाट्याने आत सरकते, त्यामुळे वरून टणक दिसणारा तुकडा आडव्या छेदाशी पोचट निघतो. तसं असेल तर सेंटिमीटरभर कापून नवं टोक पुन्हा तपासा. दुसऱ्या चांगल्या लाकडावर आपटून आवाजही ऐका: शाबूत लाकूड टणटणतं, पोचट बद्द वाजतं.

ही तपासणी आधी का, तर पुढची सगळी कामं हिच्यावर ठरतात. अर्ध्याहून जास्त तुकडा तिसऱ्या प्रकारात मोडत असेल तर सरळ शेवटच्या उपायाकडे जा, नाहीतर सोडून द्या. रेघा कितीही सुंदर असोत, पेनाला बारीक भिंत लागते आणि भुशाची भिंत उभी राहत नाही.

याच वेळी बारीक गोल छिद्रं आणि त्यांतून पडणारी ताजी पिठासारखी पूड दिसली, तर ती बुरशी नव्हे, भुंगेरा आहे. तो तुकडा घरातल्या फर्निचरपासून लगेच दूर करा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान किमान ३० मिनिटं पोचलं की कीड मरते. निर्यातीच्या लाकडी पेट्यांनाही हाच नियम आहे.

दुसरी तपासणी: वजन आणि ओलावा

किट, म्हणजे पेनाच्या नळ्या आणि सुट्या भागांचा संच, आणण्याआधी एक छोटा वजनकाटा आणा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. पेनाचा कच्चा तुकडा साधारण २० मिमी चौरस आणि १२५ मिमी लांब असतो, म्हणजे ५० घन सेंटिमीटर. वाळलेला चांगला आंबा या मापात साधारण ३० ते ३५ ग्रॅम भरतो. तुमचा वाळलेला तुकडा २२-२३ ग्रॅमच भरत असेल, तर जवळपास एक तृतीयांश लाकूड बुरशीने आधीच खाल्लेलं आहे. वरून ते तसं दिसत नाही. काटा मात्र सांगतो.

ओला तुकडा याच्या उलट फसवतो. पोचट असूनही पाण्यामुळे जड भरतो आणि आपण त्याला चांगला समजतो. म्हणून तुकड्यावरच पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा: "१८ ऑगस्ट, ४१". आठवड्याने पुन्हा. खाली खाली आकडे लिहीत जा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी जुळलं.

हवेशी जुळलं म्हणजे वाळलं असं मात्र नाही. नागपुरात इथेच घोळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकूड १५-१६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. मेमध्ये दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आली की तेच लाकूड ४-५ टक्क्यांकडे जायला बघतं. ऑगस्टमध्ये नळीवर चिकटवलेलं लाकूड मेमध्ये आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही. मग कुठेतरी उकलणारच, आणि ती चीर पोचट भागाच्या कडेने जाते. सहाव्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच असतं. ग्लूला दोष देऊ नका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे नळी चिकटवायला दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. लाकूड ८-१० टक्क्यांवर असतं, पुढे दोन्हीकडे हलायला जागा राहते. पावसाळ्यातच करायचं असेल तर तुकडे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि वजन थांबेपर्यंत काढू नका. पिनांचा ओलावा मापक असेल तर वापरा, पण त्याचा आकडा शाबूत लाकडासाठी जुळवलेला असतो. कुजक्या भागावर तो इकडेतिकडे होतो, वजनच जास्त खरं.

उन्हाळ्यात आणखी एक. डेझर्ट कूलरच्या खोलीत लाकूडही ठेवू नका आणि पॉलिशही करू नका. बाहेर हवा भाजत असते आणि आत कूलरच्या जाळ्या दिवसभर ओली हवा फेकत असतात. कूलर बंद झाला की लाकूड पुन्हा कोरडं. दिवसातून दोनदा फुगणं-आकसणं पोचट तुकड्याला झेपत नाही.

तिसरी: धार, वेग आणि मँड्रेल

लाकूड वरच्या दोन तपासण्यांतून पास झालं असेल तरच इकडे या.

धार पाहायला हातावरचे केस काढायची गरज नाही. देवदाराच्या किंवा चांगल्या आंब्याच्या आडव्या छेदावर पटाशी चालवा. छेद चकचकीत निघाला तर धार आहे. पांढरट, खरबरीत निघाला तर नाही. बोथट पटाशी शाबूत तंतू कसेबसे कापते, मऊ तंतू मात्र उपटूनच काढते. पटाशीला स्क्रूने बसवलेलं कार्बाइडचं पातं असेल तर स्क्रू सैल करून ते थोडं फिरवा, नवी कड समोर येईल. फुकटचं काम आहे आणि लोक करत नाहीत. सपाट टेकवण्याऐवजी कड तिरपी धरा, सुमारे ४५ अंशांत, म्हणजे खरवडणं कमी आणि कापणं जास्त होतं.

गोल झाल्यावर वेग २५०० ते ३००० आरपीएम ठेवा. कमी वेगात पोचट भाग पटाशीवर आपटतो. टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, जितकी जवळ आणता येईल तितकी आणा, आणि टोकाला पोचण्याआधी पटाशी उचला. शेवटचा १-२ मिमी भाग १५० नंबरच्या पेपरने खाली आणायचा.

बुशशेजारीच ढलपी का उडते ते आकड्यांत पाहा. स्लिमलाइन या बारीक पेनाच्या किटची नळी ७ मिमीची, बुश साधारण ८.४ मिमीचा. म्हणजे टोकाला नळीवर उरणारी लाकडाची भिंत पाऊण मिलिमीटरच्या आत. त्यात पोचट भाग आला की काय होणार? स्पाल्टेड लाकडासाठी मी स्लिमलाइन टाळायलाच सांगतो. नळी आणि बुश यांच्या मापात जास्त फरक असेल असं किट घ्या. चार पैसे जास्त जातील, पण अर्धी डोकेदुखी कमी होईल.

पेन एका बाजूने जाड, दुसरीकडून पातळ येत असेल तर टेलस्टॉक, म्हणजे लेथचा दुसऱ्या टोकाकडून दाबणारा आधार, जास्त आवळलाय का पाहा. जास्त दाब दिला की तुकडे ज्यावर ओवून फिरवतो तो बारीक दांडा, म्हणजे मँड्रेल, मध्ये वाकतो. लेथ हाताने फिरवत पेन्सिलीचं टोक हलकेच टेकवा. रेघ पूर्ण गोल उमटली तर ठीक, एकाच बाजूला उमटली तर टेलस्टॉक थोडा सैल करून पुन्हा पाहा.

चौथी: भोक आणि नळी

मध्ये टोक असलेलं लाकडाचं बिट वापरा, धातूचं साधं बिट कडक रेघ लागली की मऊ बाजूला घसरतं. वेग ५०० ते ७०० आरपीएम, दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडा. तुकडा नळीपेक्षा १०-१२ मिमी लांब कापा, भोक आरपार नेऊ नका, आणि नंतर बंद टोक करवतीने कापून टाका. बिट लाकडातून बाहेर पडतच नाही, त्यामुळे टवका उडायचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या तक्रारीचा एवढाच उपाय आहे आणि तो शंभर टक्के चालतो.

नळी चिकटवायला सीए ग्लू नको, एपॉक्सी. पोचट लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं ग्लू शोषून घेतं, आणि नळी व लाकूड यांच्या मध्ये काही उरतच नाही. आज घट्ट वाटतं, उन्हाळ्यात सुटतं. आधी भोकाच्या आतून पातळ सीए फिरवा, पूर्ण वाळू द्या, बिट हाताने एकदा फिरवून भोक साफ करा. नळी १५० च्या पेपरने खरबरीत करून अॅसिटोनने पुसा, बोट लावू नका. मग दोन भागांचं सावकाश धरणारं एपॉक्सी, अराल्डाइटचं साधं पॅकिंग चालतं, पाच मिनिटांचं नको. नळी फिरवत फिरवत सरकवा आणि रात्रभर हात लावू नका.

टोकं नळीशी काटकोनात सपाट करताना पेन मिल (त्यासाठीचं दातेरी हत्यार) मऊ लाकडाचा लचका तोडते. आधी टोकांना पातळ सीए पाजा, नाहीतर मिल बाजूला ठेवून सपाट काचेवर चिकटवलेल्या पेपरवर, नळी काटकोनात धरून घासा. वेळ लागतो, पण टोक शाबूत राहतं.

पाचवी: पातळ सीएने कडक करणं

बहुतेक मधल्या दर्जाचे तुकडे इथे सावरतात, आणि बहुतेक लोक हे काम चुकीच्या वेळी करतात.

पातळ सीए लाकडात साधारण एक-दोन मिमीच उतरतो. चौकोनी तुकड्यावर बाटली ओतली तर पटाशी ते सगळं सालीसारखं उतरवून टाकते आणि खाली पुन्हा तेच पोचट लाकूड निघतं. पेन शेवटच्या मापाला आल्यावर ओतला तर खड्डे आधीच पडलेले असतात. म्हणून टप्प्यांनी. चौकोनाचा गोल झाला की पहिला हात. बुशपेक्षा ३ मिमी जाड असताना दुसरा. एक मिमी जाड असताना तिसरा. प्रत्येक वेळी लेथ हळू फिरवत किंवा हाताने फिरवत थेंब सोडा, लाकूड पिणं थांबेपर्यंत. मग किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा.

फक्त मऊ जागीच थेंब टाकायचा मोह होतो, पण तो आवरा. सीएने लाकूड गडद होतं, आणि ठिपके ठिपके पाजलं तर पेनावर तेलकट डाग उमटल्यासारखं दिसतं. पाजायचं तर अख्खं.

पांढुरका रंग जपायचा असेल तर आधी चपड्याचा पातळ हात द्या: स्पिरिटमध्ये विरघळवलेला, मेण काढलेला फिका चपडा. आपल्या पळसांवर वाढणाऱ्या लाखेचीच ही चीज, पण आता ऑनलाइन मागवताना कुणाला ते आठवत नाही. चपडा कडकपणा फार देत नाही. काळ्या रेघांची भुकटी फिक्या भागात शिरू देत नाही, हे त्याचं काम.

फेविक्विकच्या छोट्या ट्यूब यात परवडत नाहीत. प्लायवुड-हार्डवेअरच्या दुकानांत एमडीएफ कारागिरांसाठी सीएच्या मोठ्या बाटल्या मिळतात, पातळ आणि मध्यम दोन्ही मागा. उरलेली बाटली सिलिका जेलसह डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि वापरताना खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. नाहीतर आत दव धरतं आणि ग्लू घट्ट होतो.

सुती कपडा सीएला लावू नका. कापसावर सीए पडला की इतका तापतो की धूर येतो आणि कातडी भाजते. सुती बनियनवर सांडला तरी तेच. टिश्यू पेपर वापरा, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

एवढं करूनही एखादा खड्डा पडलाच, तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खड्ड्यात दाबून भरा, वरून पातळ सीएचा थेंब, वाळल्यावर सपाट घासा. काळ्या रेघेवरचा खड्डा असा बुजवला तर कुणाला सापडत नाही. फिक्या भागातला किंचित दिसतो.

सहावी: घासणं आणि चमक

तिसरी तक्रार, म्हणजे रेघा उंच आणि मध्ये खोल, बोटांनी धरलेल्या पेपरमुळे येते. बोट मऊ असतं, मऊ भागात दबतं आणि तिथलंच लाकूड जास्त खातं. पेपर एका सपाट पट्टीला चिकटवा, तुटलेली फूटपट्टीही चालेल, आणि पट्टीच टेकवा. १५० पासून २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून पेनाच्या लांबीने चार हात उभे मारा, म्हणजे आडव्या चरा निघतात, आणि ब्रशने भुसा झाडा. चौथ्या तक्रारीतला राखाडी मळ म्हणजे न झाडलेला काळा भुसाच. ओल्या कापडाने पुसाल तर तो आणखी आत बसेल.

मग सीएचे थर. आधी पातळ सीएचे दोन-तीन, मग मध्यम सीएचे सहा-आठ, प्रत्येक थर टिश्यूच्या घडीने लांबीभर एकदाच ओढून. परत मागे फिरवायचं नाही. प्रत्येक थरानंतर लेथ थांबवा आणि पेन खिडकीच्या उजेडात तिरपं धरा. उजेडाची पट्टी पेनावरून सरकताना जिथे मध्येच विझते, तो चट्टा अजून ग्लू पितोय. तिथे आणि आजूबाजूला थर चालू ठेवा. पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड सरकली की थांबा. थरांची संख्या पाठ करून काही होत नाही, एकच लाकूड एका बाजूला सहा मागतं आणि दुसऱ्या बाजूला दहा.

पांढरे बुडबुडे बहुतेक वेळा अॅक्टिव्हेटरच्या, म्हणजे सीए झटकन वाळवणाऱ्या रसायनाच्या, फवाऱ्यामुळे येतात. ओला जाड थर जवळून फवारला की तो उकळल्यासारखा फेसाळतो. वाट पाहणं जमत असेल तर फवाराच नको. सीए हवेतल्या ओलाव्याने वाळतो, त्यामुळे मेच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो आणि भर पावसाळ्यात झटकन धरतो. पावसाळ्यात वर पांढुरकं धुकं धरलं तर थर पातळ करा आणि हवा खेळती ठेवा.

शेवटी ६०० ने सपाट करून मायक्रो-मेशचे अतिबारीक घासायचे पॅड, १५०० पासून १२००० पर्यंत, पाण्यासोबत. टोकांवर पाणी जाऊ देऊ नका, तिथे लाकूड उघडं असतं. आधी टोकांना सीएचा थेंब द्या.

नुसतं मेण किंवा फ्रिक्शन पॉलिश (लेथ फिरवत घासून तापवत लावायचं) या लाकडावर टिकत नाही. पहिल्या दिवशी रेशमी दिसतं, नागपूरच्या उन्हाळ्यातला हाताचा घाम लागला की आठवड्याभरात काळवंडतं. सागवानाच्या पेनावर जे शोभतं ते इथे चालेलच असं नाही.

सगळ्यात अवघड: व्हॅक्यूममध्ये रेझिन भरणं

नखाच्या तपासणीत तिसऱ्या प्रकारात गेलेला तुकडा वाचवायचाच असेल, तर हा एकच मार्ग. भट्टीत १०० ते १०५ अंशांवर वजन थांबेपर्यंत वाळवलेलं लाकूड बंद भांड्यात थंड होऊ द्यायचं, मग उष्णतेने कडक होणाऱ्या पातळ रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूम पंप लावायचा. लाकडातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. व्हॅक्यूम सोडल्यावर रेझिन आत ओढलं जातं, म्हणून तुकडे तसेच बुडवून ठेवायचे, निदान जितका वेळ पंप चालला त्याच्या दुप्पट. मग फॉइलमध्ये गुंडाळून ९० ते ९५ अंशांवर पक्कं करायचं. लाकूड थोडं जरी ओलं असलं तरी ते रेझिन धरत नाही. त्यामुळे इथेही निर्णय वजनकाटाच करतो.

पंप लावून बसलात आणि गेजचा काटा पाऱ्याच्या २९.९ इंचाला, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या पूर्ण व्हॅक्यूमला, जाईना, तर पंपाला शिव्या घालू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाबच कमी, काटा २८.५ च्या आसपास थांबला तरी पंप ठणठणीत आहे.

लोणच्याची बरणी किंवा साधी काच व्हॅक्यूमला लावू नका, ती आत कोसळते आणि तुकडे बाहेर उडतात. स्वयंपाकाचा ओव्हनही यासाठी नको. वर्षातून दोन-चार पेनं करणाऱ्याने हा सगळा पसारा मांडू नये असं मला वाटतं. ज्याच्याकडे आधीच व्यवस्था आहे त्याला मजुरी देऊन तुकडे भरून घ्या, नाहीतर भरलेलेच विकत घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

मँड्रेल बदलला, टेलस्टॉक सैल केला, तरी पेन्सिलीची रेघ एकाच बाजूला उमटते. मग मँड्रेल पूर्ण काढून स्पिंडल (लेथचा मोटरने फिरणारा मुख्य दांडा) हाताने वर-खाली हलवा. किंचितही खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय. हिंगणा एमआयडीसीच्या भागात लेथची कामं करणारे मेकॅनिक मिळतात, त्यांना दाखवा. हातोडीने ठोकून बेअरिंग बसवू नका, स्पिंडल वाकतो आणि खर्च चौपट होतो.

लेथच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा मोटर गुंगुं करून फिरतच नाही, तर प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

डोळ्यात सीए गेला तर पापणी ओढून उघडू नका, अॅसिटोन जवळही नेऊ नका. कोमट पाण्याने धुवत राहा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आणि काम केलेल्या दिवशी संध्याकाळी, चार ते आठ तासांनी, ताप, खोकला, छाती भरल्यासारखी होत असेल, दुसऱ्या दिवशी बरं वाटून पुढच्या वेळी पुन्हा तेच होत असेल, तर ते हवामान नव्हे. हे लाकूड तिथेच बंद करा आणि छातीच्या डॉक्टरांकडे जा. जाताना "बुरशी लागलेल्या लाकडाच्या भुशात काम करतो" हे स्वतःहून सांगा, कारण ते तुम्हाला विचारतीलच असं नाही. असा त्रास एकदा झाला असेल तर नुसता चांगला मास्क घेऊन परत सुरू करू नका, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.